आभाळावर खेकसणारे मामाजी

आमचे मामाजी आभाळाला शिव्या द्यायचे. मनातल्या मनात नव्हे. छपरीच्या, म्हणजे पडवीच्या, पायरीवर उभं राहायचं, धोतराचा सोगा कमरेला खोचायचा, मान वर करायची आणि चार घरं पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात सुरू व्हायचं, "कोन होय रे तो? कायले बोंबलून राहिला? चूप बस ना बे!" वरून ढग गडगडला की खालून मामाजी. पुन्हा ढग, पुन्हा मामाजी. नव्याण्णव सालचा वैशाख होता, माझी लग्नाची हळद अजून उतरली नव्हती, आणि डोक्यावरचा पदर सावरत मी दाराआडून हे पाहत होते. म्हटलं, बाबांनी मला कोणत्या घरात दिलं बाप्पा!

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते आणि सासूला आत्याबाई. गाव आमगावच्या बाजूचं, चहूकडे धानाच्या बांध्याच बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. मी नागपूरच्या एका गल्लीतली, शेजारच्या घरातला कुकर वाजला तरी ऐकू येणारी. इथे मात्र एका माणसाचा आवाज अख्ख्या गावाला पुरायचा. मामाजी पाणी मागायचे तेही धमकी दिल्यासारखं. पहिल्या दिवशी "पानी आन" ऐकून माझ्या हातातला लोटा अर्धा सांडला. दुपारी त्यांनी "जेवली का?" असं काही विचारलं की मी चोरून खाल्ल्यासारखी उभी राहिले. आमचे हे हसून म्हणाले, "घाबरू नको, त्यांचा आवाजच तसा आहे." मामाजींना कोणी हळू बोला म्हटलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "हळू बोलाले मी का चोर आहो?"

तर त्या वैशाखातल्या संध्याकाळी वारा सुटला, धूळ उडाली, ढग जमले आणि पहिला कडाडाट झाला. आत्याबाई स्वयंपाकघरातून धावतच आल्या. खुंटीवरचा विळा काढला (त्यांच्या बोलीत इरा) आणि उंबरठ्याच्या आत उभं राहूनच त्यांनी तो आंगणात भिरकावला. आंगणातल्या फरशीवर खण्णकन आवाज झाला. त्याच क्षणी माझ्या पायांजवळून काहीतरी तपकिरी सुसाट गेलं आणि मी किंचाळले. मग मामाजींच्या शिव्या सुरू झाल्या. थोड्या वेळाने त्याही थांबल्या, आणि मामाजी गायब. पाऊस आत यायला लागला म्हणून मी धानाच्या कोठीत पोतं आणायला गेले. ही कोठी म्हणजे घराच्या पोटातली बिनखिडकीची खोली, दिवसाही अंधारी. टॉर्च मारला तर काय! पोत्यांच्या मधोमध जमिनीवर मांडी घालून साक्षात मामाजी बसलेले, आणि मांडीत, त्यांच्याच खांद्यावरच्या दुपट्ट्यात बाळासारखा घट्ट गुंडाळलेला घरचा कुत्रा. मामाजी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि त्याच्यावर ओरडत होते, "काऊन थरथरून राहिला बे? मी आहो ना अठी!"

मी टॉर्च बंद केला आणि पोतं न घेताच परत आले. ज्या माणसासमोर गावातली मोठी माणसं चप्पल काढून बोलायची, तो माणूस कुत्र्याला मांडीवर घेऊन अंधारात बसलाय! माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

त्या कुत्र्याचं नाव दरोगा, म्हणजे फौजदार. नाव मामाजींनीच ठेवलेलं, कारण लहानपणापासून तो प्रत्येक आल्यागेल्याची चौकशी करायचा. अंगाने दांडगा, एका कानाच्या टोकाला खाच पडलेली. बैलांवर भुंकायचा, पोस्टमनवर भुंकायचा, एकदा तर रस्ता चुकलेल्या रानडुकराला त्याने बांधीपार केलं होतं. पण वीज कडाडली की हाच दरोगा लाळ गाळायचा, दार नखांनी खरवडायचा, भीतीने पाणी पाणी व्हायचा. सगळ्यांना खरी धास्ती होती ती त्याच्या पळण्याची. कोठीचं दार बंद असलं तर तो आंधळ्यासारखा बाहेर धावायचा. एका वादळात असाच पळाला आणि दुसऱ्या दिवशी आमगावच्या रुळांजवळ सापडला. मामाजींनी त्याला खांद्यावर टाकून घरी आणलं, वाटेत भेटेल त्याला शिव्या देत. घरी आल्यावर म्हणाले, "पुढच्या टायमाले हा गाडीखाली येते. मंग मी का करू?" आवाज तसाच मोठा होता, पण शेवटी फाटला. मी भाकरी थापता थापता मान वर केली, तर ते भिंतीकडे तोंड करून बसलेले.

आत्याबाईंचा विळा टाकण्याचा नेम मला हळूहळू कळला. विजेच्या वेळी आंगणात लोखंड टाकलं की वीज घरावर येत नाही, असं आमच्याकडची जुनी माणसं मानतात. कोणी विळा टाकतं, कोणी तवा टाकतं. पण आत्याबाईंचं नुसतं मानणं नव्हतं. त्यांचा पाठचा भाऊ रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत बांधीतच विजेने गेला होता. त्या दिवशी घरातल्या बायका शेतात होत्या, आंगणात लोखंड टाकायला कोणीच नव्हतं. तेवढी एक गोष्ट त्यांनी मनाशी धरून ठेवली होती. वीज चमकली की त्यांचा चेहरा पांढराफटक पडायचा, ओठ सुकायचे. विळा फेकला की मगच त्यांना श्वास यायचा. वीज थांबेपर्यंत त्यांनी उंबरठा ओलांडल्याचं मी कधी पाहिलं नाही, घराला आग लागली असती तरी ओलांडला नसता.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर मामाजी दरोग्याला बैलगाडीत घालून गोंदियाला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिथल्या पाहुण्यांकडे माझं काम होतं म्हणून मीही गाडीत होते. डॉक्टर शांत माणूस. आधी त्यांनी मामाजींनाच बसवलं. म्हणाले, "काका, डांटना बिल्कुल नहीं. डरता है, नखरा नहीं कर रहा. अंधेरी जगह देते हो, कपड़े में लपेटते हो, बहुत अच्छा. अब सूखे दिनों में आवाज़ की आदत डालो. धीमी आवाज़, और साथ में खाने को कुछ अच्छा. रोज़ थोड़ा थोड़ा बढ़ाओ." निघताना त्यांनी आणखी एक सांगितलं, "और ध्यान से देखो कि ठीक किस चीज़ से डरता है." मामाजी बाहेर येऊन माझ्यावर खेकसले, "आता हे का विचारनं झालं? इजेले भेते, आनखी कायले भेते?"

बाकी सगळं मात्र त्यांनी अक्षरशः पाळलं. रोज दुपारी, गाव जेवून आडवं झालेलं असताना, मामाजी छपरीत तेलाचा रिकामा पिपा घेऊन बसायचे आणि काठीने तो वाजवायचे. आधी टिक टिक, मग धम धम, मग तर असा गडगडाट की शेजारची म्हैस दावं तोडायला बघायची. एक ठोका की दरोग्याला गुळाने माखलेला पोळीचा तुकडा. लोक कुंपणावरून डोकवायचे आणि तोंडाचा आ वासून उभे राहायचे. सरपंच एकदा विचारायला आले की मामाजींना बरं नाही का. मामाजी म्हणाले, "मले का झालं? शाळा चालू आहे!" आणि दरोगा शिकला हो! पिपा दिसला की शेपटी हलवायचा. कानाजवळ बडवला तरी गुळाकडेच नजर. मामाजी इतके खूश झाले की त्यांनी मलाही एक तुकडा दिला, गुळाचा.

मधल्या काळात माझ्या नणंदेचं लग्न झालं. वरात बालाघाटकडून आली, बँड, गुलाल आणि फटाक्यांची पेटीच्या पेटी घेऊन. मामाजींनी ती गावाच्या शिवेवरच अडवली. "एक बी फटाका वाजला तं पोरगी देत नाही." आम्ही सगळे गारठलो. नणंद आत मुंडावळ्या बांधून बसलेली, आणि बाप शिवेवर आडवा! नवरदेवाचे काका म्हणाले, "समधीजी, शादी है या मातम?" मामाजी म्हणाले, "शादी है. पर घर में मरीज है." "कौन?" "दरोगा." वऱ्हाडाला वाटलं पोलिसातला कोणी मोठा साहेब आजारी पडलाय. पेटी गपचूप टेम्पोत परत गेली. मंडपात साहेब कोपऱ्यात हाड चघळत बसलेला पाहिल्यावर त्या काकांचा चेहरा असा झाला की मी आजही एकटी असले तरी हसते.

इतकं करूनही पुढच्या वैशाखात पहिलं वादळ आलं आणि दरोगा जसाच्या तसा. लाळ, थरथर, कोठी. मामाजींनी पिपा लाथेने आंगणात उडवला. "एवढा गूळ खाल्ला लेकाच्यानं!" म्हणाले आणि त्याच्या मागोमाग कोठीत जाऊन बसले. पण शाळा त्यांनी बंद केली नाही. हट्टी माणूस!

आणि मग ती दुपार. ऊन रणरणत होतं, आभाळात बोटभरही ढग नव्हता. आत्याबाई शेजारी पापड लाटायला गेल्या होत्या. छपरीत मामाजी पिपा बडवत होते आणि दरोगा मजेत पोळी खात होता. मी खुंटीवरची टोपली काढायला गेले, धक्का लागला आणि बाजूचा विळा पायरीच्या दगडावर पडला. खण्ण! दरोग्याच्या तोंडातला घास खाली पडला. एवढं मोठं जनावर, क्षणात जमिनीला चिकटलं आणि सरपटत कोठीत शिरलं. मामाजींची काठी तशीच वर राहिली. मी त्यांच्याकडे पाहतेय, ते माझ्याकडे. मग ते उठले, विळा उचलला आणि दगडावर हलकेच एकदा टेकवला. आतून दरोग्याचं केविलवाणं रडणं आलं.

मामाजी कोठीत गेले. दरोग्याचा तो खाच पडलेला कान त्यांनी उजेडात धरला. आम्ही सगळे आजवर समजत होतो की पिल्लू असताना दुसऱ्या कुत्र्याने चावा घेतला. मामाजींनी त्या खाचेवरून बोट फिरवलं. काप सरळ होता, अगदी सरळ. दाताचा असा होत नाही. "पिल्लू आंगनात झोपून असन," एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. इतकी वर्षं आभाळाला शिव्या घातल्या, डॉक्टर केला, पिपा बडवला, वरात अडवली, आणि भीती आमच्याच खुंटीला टांगलेली!

मला वाटलं, आता हे शेजारी जाऊन आत्याबाईंवर गरजणार. मी मनातल्या मनात देवाचा धावाही सुरू केला. पण मामाजींनी विळा पुसला आणि खुंटीला अडकवला. म्हणाले, "सूनबाई, हे तिले सांगाचं नाही."

"पण मामाजी, आत्याबाईंनी विळा टाकणं थांबवलं तर..."

"थांबवला तं कुत्रा सुधरन. अना थे, तुही आत्याबाई?" पहिल्यांदाच ते माझ्याशी बोलताना ओरडले नाहीत. "तिच्या भावाच्या दिशी कोनी इरा टाकला नोहोता. थ्याच्यावर जगून राहिली आहे थे. तिच्या हातातून इरा काढला तं तिले इजेसमोर कोनाच्या भरवशावर उभी करू? अना ह्या कानाचं समजलं तं थे इराबी टाकत नाही, जेवतबी नाही. मले माहीत आहे थे कशी आहे."

एका बाजूला कुत्रा, एका बाजूला बायको, आणि दोघांचंही भय एकाच विळ्याला बांधलेलं. आता हा गाव हलवणारा माणूस काय करतो, हेच मी पाहत राहिले.

पुढच्या वेळी ढग जमले तसे मामाजी उठले, गोठ्याजवळच्या ढिगातून तणसाची मोठी कवळ घेतली आणि आंगणात, विळा नेहमी जिथे पडायचा तिथे, जाडसर पसरून दिली. तणस म्हणजे मळणीनंतर उरतो तो धानाचा पेंढा. आत्याबाईंनी आतून विचारलं, "का करून राहिले हो तठी?" मामाजी खेकसले, "बैलाले टाकून राहिलो!" बैल गोठ्यात होते. वीज चमकली, आत्याबाईंनी विळा फेकला. थप्प. बस, तेवढंच. दरोग्याने पोत्यावरून मान उचलली, कान टवकारले, वाट पाहिली. काही आलं नाही. ढग गडगडला तेव्हा तो थोडा थरथरला, मामाजींच्या पायाला चिकटला, पण पळाला नाही. मी पदर तोंडात कोंबून रडत होते की हसत होते, मलाच कळत नव्हतं. मामाजी माझ्याकडे न बघता पुटपुटले, "इरा पडला पायजे. वाजला पायजे असं कोन सांगतलं?"

मग ते चालूच राहिलं. माझी मुलं झाली, शाळेत जायला लागली. तिरोड्याकडे विजेचा मोठा कारखाना उभा राहायला लागला, आमच्या घरात रंगीत टीव्ही आला, मोबाइल आले. मामाजी मात्र ढग दिसला की तणस टाकत होते. शेतात असले तर सायकल दामटत घरी यायचे. दरोगा आता वादळात छपरीतच पोत्यावर पडून असायचा, जांभया देत. आभाळावरच्या शिव्याही चालू होत्या, पण त्यात पूर्वीचा दम नव्हता, नुसती सवय. मी एकदा विचारलं, "मामाजी, आत्याबाईंना इतक्या वर्षांत संशय नाही आला?" ते म्हणाले, "तिचं ध्यान वरतं असते. खाली कायले पाहाते?" स्वतःच्या हुशारीवर इतके खूश होते की विचारू नका.

त्यांचं जाणं असं होईल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. एका हिवाळ्यात सकाळी गड्याला हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. अर्धं अंग गेलं होतं. गोंदियाच्या दवाखान्यात ते पडून होते, आणि त्या खोलीतली शांतता मला सहन होत नव्हती. हा माणूस आणि आवाज नाही? असं कसं होऊ शकतं? त्या दिवसांत एकदा घरच्यांपैकी मी एकटीच त्यांच्याजवळ होते. त्यांनी चांगला हात उचलला, तळवा खाली केला आणि चादरीवर हळूहळू पसरल्यासारखा फिरवला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. नर्सला वाटलं चादर नीट करायला सांगताहेत. मी म्हटलं, "टाकीन मामाजी. मी टाकीन तणस." त्यांनी डोळे मिटले. ते त्या दवाखान्यातून घरी आले ते चौघांच्या खांद्यावरून.

त्यानंतरच्या फाल्गुनात, गव्हाच्या ओंब्या भरल्या असताना, भर दुपारी अचानक अंधारलं आणि गारा सुरू झाल्या. आमचे हे शाळेत शिकवायला गेले होते, मुलंही शाळेत. घरात आम्ही दोघी आणि म्हातारा झालेला दरोगा. मी हातातली कढई टाकली आणि मागच्या दाराने गोठ्याकडे धावले. गारा डोक्यावर ताडताड बसत होत्या. ओल्या ढिगाखालचं कोरडं तणस उपसून कवळ भरली आणि धावत छपरीत आले, तर खुंटी रिकामी. उंबरठा रिकामा. आणि आंगणात, त्या गारांत, आत्याबाई!

माझ्या हातातलं तणस खाली पडलं. वीज कडाडत होती, सगळं आंगण पांढरं होत होतं, आणि आमच्या आत्याबाई, ज्यांनी विजेत कधी उंबरठा ओलांडला नव्हता, विळा दोन्ही हातांत धरून आंगणाच्या मधोमध चालत गेल्या. वाकल्या. फरशीवर तो विळा त्यांनी निजलेलं मूल ठेवावं तसा ठेवला. जरासुद्धा वाजला नाही. मग वळून परत आल्या, ओठ निळे पडलेले, सगळं अंग लटलट कापत होतं. मी त्यांना धरून आत ओढलं. दरोगा उठून त्यांच्या पायांशी आला.

"आत्याबाई! तुम्ही बाहेर? मी तणस आणतच होते ना!" बोलून गेले आणि जीभ चावली. इतकी वर्षं जपलेलं माझ्याच तोंडून निघालं.

आत्याबाईंनी केसांतल्या गारा झटकल्या. मग म्हणाल्या, "तुले का वाटलं, मले माहीत नोहोतं? पानी थांबल्यावर इरा उचलून कोन आने? मीच ना? तनसातून कोन काढे थो? अना तनस टाकलं तवापासून दरोगा पळत नाही, थे का मले दिसत नोहोतं?"

खरंच की! विळा दर वेळी खुंटीवर परत कसा यायचा, हे ना मामाजींच्या कधी डोक्यात आलं, ना माझ्या. जगातले सगळ्यात हुशार आम्ही दोघे!

"मग तुम्ही कधी बोलल्या का नाही?"

"बोलली असती तं थ्यायनं बंद केलं असतं." त्या खाली बसल्या आणि ओल्या पदराने दरोग्याच्या पाठीवर उडालेलं पाणी पुसायला लागल्या. "जलमभर माह्यावर खेकसले. पानी मांगाले खेकसले, जेवाले खेकसले. हे एकच काम माह्यासाठी गुपचूप करत होते. कायले बोलू?"

मामाजी गेले तेव्हा मी चारचौघांसारखी रडले होते. त्या दुपारी मात्र मी आत्याबाईंच्या ओल्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि मला थांबताच येईना.